सातवीचा दाखला आणि "पुढं बघू" : एका मायलेकीची केस

मार्च २०२४. वार्षिक परीक्षा अजून व्हायच्या होत्या आणि सातवीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, मॅडम हिचा दाखला काढून ठेवा, निकाल लागला की घेऊन जाते, पुढं बघू.

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमची शाळा सातवीपर्यंतच आहे आणि हे "पुढं बघू" इतक्या वेळा ऐकलंय की ऐकलं तरी पोटात गोळा येतो. दाखला एकदा घरातल्या पत्र्याच्या पेटीत गेला की जून निघून जातो, मग सोयाबीनची खुरपणी लागते, आणि एक दिवस मी गाडीवरून जाताना पोरगी आईच्या शेजारी रानात वाकलेली दिसते. भांडण नाही, कोणी शाळा बंद कर म्हणालेलं नाही, नुसतं पुढं बघू बघू करत वर्ष जातं. म्हणून ही एक केस सगळी लिहून काढतेय, जमलं ते आणि माझं चुकलं तेही, म्हणजे कुणा शिक्षकाला किंवा आईबापाला उपयोगी पडेल. नावं लिहीत नाही, गावाचंही नाही.

घर असं : तीन एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन, वडील हंगामात दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई स्वतःचं रान सांभाळून रोजानं जाते, आजी आहे, धाकटा भाऊ तिसरीत. वस्ती शेतात, वस्तीपासून गाव दीड किलोमीटर आणि गावापासून हायस्कूल सहा किलोमीटर. मुलगी अभ्यासात मधली, अक्षर फार सुंदर, माझ्यासमोर पोपटासारखी बोलणार पण केंद्रप्रमुख साहेब वर्गात आले की मान खाली. आई स्वतः आमच्याच शाळेत सातवी शिकलेली. पुढे का नाही शिकलात असं विचारलं तर म्हणाली, हायस्कूल लांब होतं ना. मुलगीही त्याच जागेवर येऊन उभी होती, रस्ता तोच, अंतर तेच.

त्या दिवशी आईनं मला तीन गोष्टी विचारल्या, ड्रेसला किती लागतील, दप्तर नवं घ्यावं का, आणि ट्यूशन लावावी लागेल का. बहुतेक सगळे पालक हेच विचारतात आणि आपणही हेच सांगत बसतो, ड्रेस, दप्तर, वह्या. मी म्हटलं ताई, या रविवारी मी घरी येते, मग बोलू.

घरी गेले तेव्हा खरं बाहेर आलं, तेही एकदम नाही, दोनदा चहा झाला तेव्हा. आजीचं म्हणणं, बाई, लेकीबाळीची जात, एवढ्या लांब रोज, कोणी काही बोललं तर नाव कुणाचं खराब होतंय. वडील म्हणाले माझी ना नाही, पण बसचा भरवसा नाही. आई गप्पच होती. मी निघाले तशी ती मला सोडायला बांधापर्यंत आली आणि तिथं म्हणाली, मॅडम तुमच्या शाळेत मी येते, तुम्ही ओळखीच्या आहात, पण तिथं पँटवाले सर लोक, ऑफिस, क्लार्क, मी तिथं जाऊन काय बोलू, काही झालं तर कुणाला विचारू, मला तर सही करताना हात कापतो.

मला तिथंच लक्षात आलं की तयारी आधी आईची करावी लागणार आहे. मुलीला हायस्कूलची भीती वाटणं साहजिक आहे पण ती चार दिवसात मैत्रिणी करेल. आईच्या मनात ती इमारत परकी राहिली तर पहिल्या अडचणीला आई म्हणणार, जाऊ दे, राहा घरी. परक्या ठिकाणी भांडायला जाण्यापेक्षा लेकरू घरी ठेवणं सोपं असतं.

पहिलं काम कागदाचं. हे कंटाळवाणं वाटतं पण इथं फार घरं अडकतात. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचं नाव एक आणि आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं. दाखल्यावर जे नाव आणि जी जन्मतारीख जाते तीच पुढे दहावीच्या सर्टिफिकेटवर जाते, जातीचा दाखला काढतानाही हाच दाखला लागतो, आणि रजिस्टरमध्ये नंतर दुरुस्ती करायची म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीपर्यंत प्रकरण जातं. म्हणून सातवीतच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. इथं चूक आधारवर होती, तालुक्याला दोन चकरा झाल्या, दोन दिवसांचा रोज बुडाला, पण एप्रिलमध्ये झालं ते जूनच्या गर्दीत झालं नसतं. मुलीच्या नावानं बँकेत खातंही तेव्हाच काढलं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावरच येतात. मुलींना सायकलसाठी जी मदत मिळते तीसुद्धा खात्यावरच येते, पण ती शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींना असते, आमचं गाव त्याच्या बाहेर पडतं, आमच्यासाठी मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत नेणारी एसटीची निळी बस.

आणि दाखला आईच्या हातात दिला नाही मी. आईला सांगितलं की आपण हायस्कूलला नाव घालू, ते लोक ऑनलाइन रिक्वेस्ट टाकतील, आम्ही ती मंजूर केली की मुलगी कागदावर तिकडे जाते. शिक्षक मंडळींना सांगते, ही रिक्वेस्ट म्हणजे आपल्याला मिळालेली चाळणी आहे. जूनच्या शेवटी बसून बघायचं की सातवीतून गेलेल्या कुणाची रिक्वेस्ट अजून आलीच नाही, ते लेकरू बहुतेक कुठेच गेलेलं नसतं, त्याच्या घरी लगेच जायचं.

दुसरं काम वर्गात केलं. आमच्याकडे लेकरांना दिवसभर एकच शिक्षक असतो, सगळी पुस्तकं रोज आणायची, पाणी प्यायला कधीही उठायचं. हायस्कूलला आठ तास, दर तासाला दुसरे सर, बेल, वेळापत्रक, आणि फळ्यावर लिहिलेलं पटकन उतरवलं नाही तर पुसलं जातं. आम्ही तिघा शिक्षकांनी एप्रिलमधले शेवटचे तीन आठवडे सातवीसाठी वेळापत्रक लावलं, पस्तीस मिनिटाला घंटा, मी पाचवीवर जायचे आणि पाचवीचे सर सातवीवर. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं चुकीची वही घेऊन आली. या मुलीला रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरायची सवय तिथंच लागली. अजून एक सराव, उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "सर, मला हे समजलं नाही, परत सांगा." ऐकायला किती सोपं, पण एकोणीस लेकरांपैकी ओळख नसलेल्या सरांसमोर हे वाक्य पूर्ण म्हणायला बहुतेकांना आठवडा लागला.

तिसरं काम आईचं आणि मला विचाराल तर या सगळ्या केसमधलं सगळ्यात कामाचं. आम्ही आईला फोनवर बोलायचा सराव दिला. मी क्लार्क व्हायचे आणि ती आई. "नमस्कार, मी आठवी अ मधल्या अमुकची आई बोलतेय, तिला ताप आहे, आज ती येणार नाही, वर्गशिक्षकांना सांगाल का." पहिल्या वेळी ती हसली, दुसऱ्या वेळी अडखळली, चौथ्या वेळी न थांबता बोलली. मग सहीचा सराव, धाकट्या पोराच्या पाटीवर.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, शाळा चालू असतानाच, मायलेकी एसटीनं हायस्कूल बघायला गेल्या. मी मुद्दाम बरोबर बसले नाही, मी गाडीवर पुढे जाऊन गेटजवळ थांबले, रस्ता त्यांचा त्यांना कळू द्यायचा होता. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आईला खर्चाचा फार विचार करावा लागला नाही. मुलीच्या मोफत पासची चौकशीही त्याच फेरीत झाली, निळी बस आली नाही तर साध्या एसटीला तो लागतो, अहिल्याबाई होळकर योजनेतून बाहेरगावी शिकायला जाणाऱ्या मुलींना तो मिळतो, फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही लागते.

मुख्याध्यापक चांगले बोलले, वर्ग दाखवला, लॅब दाखवली, मुलगी भिंतीवरचे तक्ते बघत राहिली. मी आईला आधीच सांगून ठेवलं होतं की तीन जागा स्वतः बघायच्या, पिण्याचं पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, आणि बस थांबते ती जागा. स्वच्छतागृह बघून आई परत आली आणि ऑफिसच्या दारात थांबली. मी काही बोलले नाही. ती एका बाईंना म्हणाली, "मॅडम, तिथं एका दाराला आतून कडी नाही, तेवढी बसवा." हे त्या माउलीचं हायस्कूलमधलं पहिलं वाक्य. त्या मॅडम म्हणाल्या हो, सांगते शिपायाला.

उन्हाळ्यात घरी बाकीचं ठरलं. गावातून तिघी मुली जाणार होत्या, तिघींच्या आया एकत्र बसल्या आणि ठरवलं की वस्तीवरून गावापर्यंत आजी सोडेल, पुढे तिघी सोबत, कुणी एकटी नाही. बस चुकली तर काय हे आधीच ठरवा, हे मी सगळ्यांना सांगते, कारण बस चुकणारच आहे. यांनी ठरवलं की स्टँडजवळ ओळखीच्या बाईची चहाची टपरी आहे तिथं थांबायचं, तिच्या फोनवरून घरी कळवायचं, कुणाच्याही मोटारसायकलवर बसायचं नाही, ओळखीचा असला तरी. पाळीचं पण बोललो, आई लाजली पण बसून राहिली. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी, दोन पॅड, एक निकर, जुना पेपर, आणि शाळेतल्या दोन मॅडमपैकी कुणाला जाऊन सांगायचं ते नाव पाठ.

अजून एक गैरसमज त्यांच्या घरात होता आणि तो सगळीकडेच आहे, की आठवीपर्यंत नापास करतच नाहीत. आता तसं नाही. २०२३-२४ पासून आपल्याकडे पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, पस्तीस टक्के लागतात, नाही पडले तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, तिथंही नाही जमलं तर त्याच वर्गात परत. घाबरवायला नाही सांगत, पण "नववीपासून करू अभ्यास" हे चालणार नाही एवढं घरात माहीत पाहिजे.

आता माझी चूक. हायस्कूलला दोन तुकड्या, अ सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, आणि ब सगळं मराठीत. गावात असं झालंय की हुशार लेकरू म्हणजे सेमी, आणि मीही, एवढी वर्षं शिकवत असून, आईनं विचारलं तेव्हा पटकन म्हणून गेले, घाला सेमीला, जमेल तिला. मी तपासलं नाही. बाकी सगळ्याची रंगीत तालीम घेतली आणि हीच एक गोष्ट हवेत सोडली.

शाळा पंधरा जूनला सुरू झाली, पहिले तीन आठवडे छान गेले. पुस्तकं शाळेतून मिळाली, दुपारी पोषण आहार मिळतो कारण तो आठवीपर्यंत आहे, नववीला गेली की डबा लागणार हेही आईला सांगून ठेवलंय. मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी घरी राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन. पोट दुखतंय म्हणायची. आजी म्हणाली, बघा, झेपत नाही, रानात माणूस लागतंच आहे.

आईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं की पोरगी दिवसभर पाणीच पीत नव्हती. सकाळी नऊला घर सोडल्यापासून संध्याकाळी साडेपाचला परत येईपर्यंत, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि कडी अजून बसलीच नव्हती, एकीनं बाहेर दार धरून उभं राहायचं आणि सुट्टी दहा मिनिटांची. पोट दुखेल नाहीतर काय. मी हे ऐकलं तेव्हा मला खूप वाईट वाटलं, एप्रिलमध्ये सांगून झालंय असं धरून मी परत विचारलंच नव्हतं. मी म्हटलं मी फोन करते त्यांना. आई म्हणाली नको, तुम्ही किती ठिकाणी करणार, मी जाते.

ती गेली, रोज बुडवून, अर्ध्या तिकिटावर, मुलीला घेऊन. थेट मुख्याध्यापकांकडे. काय बोलली ते मला मुलीनं सांगितलं, "सर, माझी मुलगी तीन दिवस घरी आहे ती कडीमुळं आहे, मी बसते इथं, कडी लागली की जाते." आणि बसली व्हरांड्यात. शिपायानं दुपारच्या आत कडी बसवली. मुख्याध्यापकांनी चहा दिला आणि वर्गशिक्षकांचा नंबर स्वतः लिहून दिला असंही कळलं. शाळेची बाजू पण सांगायला पाहिजे, त्यांना कुणी वाईट म्हणणार नाही मी, शेकडो लेकरं, दोन शिपाई, कडीचं काम मागे पडलं होतं, समोर माणूस बसल्यावर झालं.

सेमीचा प्रश्न ऑगस्टमध्ये फुटला. पहिली घटक चाचणी, गणितात वीसपैकी पाच, विज्ञानात सहा. मुलगी माझ्याकडे पेपर घेऊन आली आणि म्हणाली, मॅडम मी ढ झाले. मी आठवीचं गणिताचं पुस्तक दोन्ही माध्यमांतलं बालभारतीच्या साइटवरून फोनवर उतरवलं, फुकट मिळतं ते, आणि पहिलाच धडा शेजारी शेजारी उघडला. मराठीत "परिमेय व अपरिमेय संख्या" म्हटलं की तिला उदाहरणं येत होती, संख्यारेषेवर बरोबर बिंदू देत होती. तेच "रॅशनल अँड इरॅशनल नंबर्स" वाचताना प्रश्नात काय विचारलंय हेच कळत नव्हतं. विज्ञानात "बल व दाब" तिला उदाहरणासकट सांगता येत होतं, सुईला टोक का असतं वगैरे, आणि "फोर्स अँड प्रेशर" म्हटलं की गप्प. गणित अडत नव्हतं, भाषा अडत होती, आणि लेकरू स्वतःला ढ म्हणत होतं.

दोन वाटा होत्या. रोज शब्दांची वही करायची, डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी, आणि दिवाळीपर्यंत तग धरायचा. किंवा ब तुकडीत जायचं. माझं मन खरं सांगायचं तर वहीकडे होतं, कारण माझा सल्ला खोटा ठरत होता ना. म्हणून मी ठरवलं की आपण बोलायचं नाही, मुलीला विचारायचं. ती दोन दिवस विचार करून म्हणाली, ब मध्ये जाते आणि वही पण करते. मुख्याध्यापकांनी ऑगस्टमध्येच बदलून दिलं. शेजारच्या बायका म्हणाल्या, खाली उतरवली वाटतं पोरगी. आईला हे फार लागलं, तीनचार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही आणि तिचा राग बरोबर होता, मीच सेमी म्हणाले होते.

आता मी काय करते ते सांगते. एप्रिलमध्येच सातवीच्या गणिताचं इंग्रजी माध्यमाचं एक पान मुलासमोर ठेवते, वाच म्हणते, आणि प्रत्येक उदाहरणात काय विचारलंय ते मराठीत सांग म्हणते, सोडवायचं नाही. निम्म्याहून जास्त उदाहरणांत नेमकं सांगता आलं तर सेमीचा विचार करा, नाहीतर उन्हाळाभर शब्द करा आणि जूनमध्ये परत बघा. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे. आणि सेमी ही हुशारीची पायरी नाही हे प्रत्येक पालकाला समोर बसवून सांगते, आजीला पण.

दिवाळीनंतर कपाशीची वेचणी लागली, आमच्याकडे मोठ्या मुली याच दिवसात शाळेतून गळतात, कारण वेचणी किलोवर असते आणि घरात हात वाढले की पैसे वाढतात. इथं मी काही शिकवलं नव्हतं, आईनंच घरात ठरवून टाकलं की मुलगी रविवारी आणि सुट्टीला येईल, बाकी नाही. तरी नोव्हेंबरात सहा खाडे झाले, वडील कारखान्याकडे ट्रॅक्टर घेऊन गेले होते आणि ढग भरून आले होते, कापूस भिजणार होता. त्या घरातून बघितलं तर मला ते सहा दिवस चूक वाटत नाहीत. आईनं सहाही दिवस वर्गशिक्षकांना फोन केला, एवढं मात्र लिहून ठेवते.

डिसेंबरात मुलीनं एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा दिली. आठवीतल्या लेकरांसाठी असते, सातवीला पंचावन्न टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. तिची निवड झाली नाही. पण तयारीत ब तुकडीच्या सरांनी तिला गणितात पुढे बसवलं आणि वार्षिकला ती गणितात शंभरपैकी अडुसष्ट घेऊन आली. शब्दांची वही अजून चालू आहे, दुसरी वही लागलीय.

परवा एप्रिलमध्ये मी सातवीच्या पालकांची मीटिंग लावली. हायस्कूल बघायला कोण कोण येणार असं विचारलं तर नेहमीसारखं सगळे एकमेकींकडे बघायला लागले. तेवढ्यात याच मुलीची आई मागच्या बाजूनं उठली, हिचं कोणी सातवीत नव्हतंच, धाकटा आता चौथीत, तरी आली होती. म्हणाली, मॅडम तुम्ही नका येऊ, मी नेते यांना, सकाळच्या एसटीनं जाऊ, अर्धं तिकीट लागतंय, आणि पहिलं संडासाची कडी बघू.

चौघी गेल्या तिच्याबरोबर.